पार्ल्याची जागा, चार घड्याळं आणि मार्चमधले पाच रविवार

१६ मार्च २०२५ च्या रविवारी आमच्या घरची सभा दोनदा भरली आणि दोन्ही वेळा अर्धीच भरली. संध्याकाळी साडेचारला न्यू जर्सीतल्या एडिसनचे काका आणि मेलबर्नची आत्या व्हिडिओ कॉलवर येऊन बसली. चाळीस मिनिटं एकमेकांच्या गुडघ्यांची आणि शुगरची चौकशी करून झाली, मग दोघं उठली. साडेपाचला पार्ल्यात मोठी आत्या, आई, मी, लंडनहून धाकटा काका आणि बैठकीमागे फी घेणारे वकील असे पाचजण बसलो. एडिसनच्या काकांचा फोन लागेना. ग्रुपवर पाच वाजून दहा मिनिटांनी आलेला त्यांचा एकच शब्द होता: ‘ओके.’ आम्ही त्याचा अर्थ ‘येतोय’ असा घेतला. त्यांना म्हणायचं होतं, ‘कळलं तुमचं.’

दोन्ही बाजू वेळेवर आल्या होत्या, हे कळायला आठवडा गेला. त्या आठवड्यात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण चूक नेमकी कुठे झाली आणि ती कशी निस्तरली ते सविस्तर लिहून ठेवते आहे. मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी आज परदेशात असतं, निदान आमच्या गल्लीत तरी तसंच चित्र आहे.

जागा आणि माणसं

जागा विलेपार्ले पूर्वेची, आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली. इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान. पार्ल्याचा बराच भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली येतो, त्यामुळे उंचीची परवानगी अडते, मजले वाढत नाहीत आणि बिल्डर आकडेमोड करून परत जातो. आमच्या सोसायटीत असे दोन बिल्डर येऊन गेले. तिसरा टिकला. सोसायटीने प्रत्येक सभासदाकडून ३१ मार्चपर्यंत लेखी उत्तर मागितलं होतं.

आजी गेल्यावर जागा पाच भावंडांच्या नावावर आली. मोठी आत्या, वय ७४, तिथेच राहते. बाबा नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला आई आणि मी. उरलेले तिघे तीन खंडांवर: काका एडिसनला, धाकटा काका लंडनला, छोटी आत्या मेलबर्नला, तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स. ठरवायच्या गोष्टी तीनच होत्या. वाढीव क्षेत्र सगळ्यांनी मिळून विकत घ्यायचं का, बांधकाम होईपर्यंतचं भाडं कोणाच्या खात्यात जमा करायचं, आणि आत्याने तोवर राहायचं कुठे. हे ग्रुपवर लिहून सुटत नाही. लिहिलं की टोमणा वाटतो. तेच वाक्य तोंडाने बोललं की काळजी वाटते. म्हणून दर रविवारी सगळ्यांनी समोरासमोर बसायचं ठरलं.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माझं पोट सहारच्या एअर कार्गोवर चालतं. फ्रँकफर्टला माल कधी उतरतो, शिकागोचं कनेक्शन मिळतं का, हे हिशेब मी दिवसभर करते. विमानवाल्यांचा सगळा कारभार यूटीसीवर, म्हणजे जगभरच्या सामाईक प्रमाणवेळेवर, ज्याला आम्ही ऑफिसात ‘झुलू’ म्हणतो. ‘कटऑफ किती झुलू?’ हे वाक्य माझ्या तोंडून दिवसाला वीसदा निघतं. घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. वडीलधाऱ्यांनी वेळ ठरवली आहे, आपण कशाला नाक खुपसा, असं म्हणून मी गप्प राहिले.

कागद आणि निमंत्रण

जानेवारीतला पहिला प्रयत्न सरळसरळ फसला होता. काकांनी लिहिलं, ‘शनिवारी रात्री साडेआठ.’ ते त्यांच्या साडेआठविषयी बोलत होते. मोठी आत्या शनिवारी जेवण आटोपून, चांगली साडी नेसून, आपल्या साडेआठला फोनसमोर बसली. काकांचा शनिवार रात्री साडेआठ म्हणजे आपला रविवार सकाळी सात, आणि लंडनच्या काकाचा मध्यरात्र उलटून गेल्यावरचा दीड. कोणीच कोणाला भेटलं नाही. तेव्हा सगळे हसले.

मग काकांनी मनावर घेतलं. चारी गावांच्या वेळा मांडून बघितल्या आणि रविवार, भारतात संध्याकाळी साडेपाच, असं ठरवलं. एडिसनला सकाळी सात, लंडनला दुपारी बारा, मेलबर्नला रात्री अकरा. त्यांनी स्वतःच्या फोनवरून दर रविवारचं निमंत्रण बनवून सगळ्यांना पाठवलं. इकडे आईने वहीचा कागद फाडला, त्यावर ‘दर रविवारी सायं. ५.३०’ असं लिहिलं आणि आत्याच्या फ्रिजवर चुंबकाने लावला.

प्रकरणाचं मूळ इथे आहे. त्या दिवशी एक नव्हे, दोन सभा जन्माला आल्या. फोनमधली सभा एडिसनच्या सकाळी सातला बांधलेली होती, कारण काकांनी ती एडिसनमध्ये बसून तयार केली. दर आठवड्याचं निमंत्रण ज्या शहराच्या वेळेत बनतं त्या शहराला चिकटून राहतं. तिथे सात म्हणजे वर्षभर सातच, बाकीच्यांनी आपापलं बघावं. कागदावरची सभा पार्ल्याच्या साडेपाचला बांधलेली. ९, १६, २३ फेब्रुवारी आणि २ मार्च, असे चार रविवार दोन्ही सभा एकमेकींवर बरोब्बर बसल्या, म्हणून सभा एकच आहे असं सगळ्यांना वाटलं.

अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागते. २००५ साली तिथे कायदा झाला आणि २००७ पासून ही तारीख लागू आहे. २०२५ मध्ये तो रविवार होता ९ मार्च. पहाटे दोनला घड्याळं तासभर पुढे गेली, आणि एडिसनचे सात म्हणजे पार्ल्याचे साडेपाच न राहता साडेचार झाले. त्याच दिवशी हा घोळ उघडा पडला असता, पण त्या दिवशी दुबईत भारत-न्यूझीलंड चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती, अडीचपासून. काकांनीच आदल्या दिवशी सभा रद्द केली. भारत जिंकला, ग्रुपवर फटाके फुटले, वेळेकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. स्फोट एक आठवडा पुढे ढकलला गेला, एवढंच.

१६ तारखेला फोनच्या कॅलेंडरवर विसंबणारी माणसं साडेचारला आली: काका आणि मेलबर्नची आत्या. तिला तर आनंदच झाला, रात्री अकराऐवजी दहा. कागद बघणारी माणसं साडेपाचला आली. धाकटा काका कॅलेंडर वापरतच नाही, त्याच्या डोक्यात ‘दुपारी बारा’ पक्कं बसलेलं. आणि माझा फोन साडेचारला दहा कमी असताना वाजला होता. मी आत्याकडे थालीपीठ थापत होते. तेलकट बोटाने तो बाजूला सारला. तासभर आधीची आठवण असेल, असं वाटलं.

शनिवारी रात्री साडेबारा

याच्या मध्ये मी स्वतः एक चूक केली. ती कॅलेंडरची नाही, आपल्या भाषेची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेलबर्नच्या आत्याला मुखत्यारपत्राबद्दल वकिलांशी एकटीला बोलायचं होतं. गुरुवारी तिचा निरोप आला, ‘शनिवारी रात्री साडेबाराला चालेल, संध्याकाळची ड्युटी संपवून घरी येते तेव्हा.’ मी ऑफिसच्या सवयीने शनिवार, ००.३० असं टाकलं. उत्तर आलं: भारतात शुक्रवार, संध्याकाळी सात. वकिलांना शुक्रवारी २१ तारखेला थांबवून ठेवलं. ते पार्ल्याच्या ऑफिसात पावणेआठपर्यंत बसले. आत्या तेव्हा वॉर्डात होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. मराठीत रात्र आदल्या दिवसाची असते. शनिवारी रात्री साडेबारा म्हणजे शनिवारचं जेवण झाल्यावरचे साडेबारा. घड्याळाच्या हिशेबाने तो रविवार असला तरी आपल्यासाठी शनिवार सूर्य उगवेपर्यंत संपत नाही. पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो. यंत्राला हे माहीत नाही, त्याचा वार मध्यरात्री बदलतो. तिचं साडेबारा म्हणजे आपला शनिवार संध्याकाळी सात. मी पूर्ण चोवीस तासांनी चुकले. शनिवारी सातला तिने वकिलांना फोन केला तेव्हा ते भाच्याच्या रिसेप्शनला जेवणाच्या रांगेत उभे होते. हातातली ताटली सांभाळत त्यांनी दहा मिनिटं दिली, हा त्यांचा चांगुलपणा.

‘परवा’ हा असाच शब्द. येणारा परवाही तोच, गेलेला परवाही तोच. समोर बसलेल्या माणसाला संदर्भाने कळतं, ग्रुपवर दहा तासांनी वाचणाऱ्याला नाही. त्यात ‘उद्या’ म्हणजे लिहिणाऱ्याचा उद्या की वाचणाऱ्याचा? त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर रात्री अकरा ते पहाटे पाचची कोणतीही वेळ दोन वार जोडून लिहायची असा नियम आहे: ‘शनिवार-रविवारच्या मधली रात्र, साडेबारा.’ लांबलचक आहे, पण एकदाही चुकलेलं नाही.

रविवार, २३ मार्च: हिशेबाला बसले

त्या रविवारी रुसव्यामुळे सभा झालीच नाही. दुपारी मी ते मूळचं निमंत्रण उघडून बघितलं. वेळेच्या खाली बारीक अक्षरात टाइम झोन लिहिलेला: अमेरिका/न्यूयॉर्क. तिथेच सगळं समजलं.

मग पाठकोऱ्या कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, चोवीस तासांचं. त्यावर चार गावं मांडली. यूटीसीपासून एडिसन पाच तास मागे (उन्हाळी वेळेपूर्वी), लंडन शून्यावर, मुंबई साडेपाच पुढे, मेलबर्न अकरा पुढे. शेजारच्या दोन गावांमधली अंतरं पाच, साडेपाच, साडेपाच, आणि मेलबर्नहून वळसा घालून परत एडिसनला आठ. सोयीची वेळ शोधायची तर सगळ्यांचं जागं असणं जुळवत बसू नये. सगळ्यात मोठं अंतर शोधावं आणि झोप त्यात घालावी. आमचं मोठं अंतर आठ तास. माणूस सकाळी सात ते रात्री अकरा बोलायला तयार असतो असं धरलं तर झोपेलाही आठच तास लागतात. म्हणजे फेब्रुवारीत आमच्याकडे तासाभराची खिडकी नव्हतीच, एक क्षण होता: एडिसनचे सात, मेलबर्नचे अकरा. काकांनी नुसत्या अंदाजाने तो अचूक पकडला होता. त्यांच्यावर चिडलेल्या मला हे कबूल करावं लागलं.

पुढची गंमत म्हणजे हे अंतर बदलत जाणार होतं. अमेरिका ९ मार्चला पुढे गेली. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात, म्हणजे ३० मार्चला. ऑस्ट्रेलियात मेलबर्न-सिडनीची घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी, ६ एप्रिलला, तासभर मागे येतात, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा संपत असतो. ब्रिस्बेन मात्र हलत नाही. क्वीन्सलंडने १९९२ च्या जनमतात उन्हाळी वेळ नाकारली. आत्या ब्रिस्बेनला असती तर माझं अर्धं काम वाचलं असतं.

आपण हलतच नाही. मग सभा न हलणाऱ्या गावाला बांधायची, हे उघड होतं. वकील इथे, सोसायटी इथे, कागद इथे, ७४ वर्षांची बाई इथे, आणि घड्याळ वर्षभर एकच. काकांना फोन केला. म्हटलं, ‘काका, निमंत्रण मी इथून पाठवते, तुमचं काढून टाका.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘म्हणजे तुम्ही साडेपाचला होतात?’ ‘हो, आणि तुम्ही साडेचारला.’ ‘अरे देवा,’ म्हणाले, आणि मोठ्या बहिणीला फोन द्यायला सांगितलं. ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, स्वयंपाकघरात गेले.

नवीन निमंत्रणात टाइम झोन निवडताना यादीत मुंबई सापडत नाही. बहुतेक फोन आणि संगणकांच्या मागे टाइम झोनची एक सामाईक यादी आहे, आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेली. तिच्यात भारताची वेळ ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. मोठ्या आत्याला हे अजिबात पटलं नाही. ‘आपल्या घराची सभा कोलकात्याच्या घड्याळावर?’ तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की गिरगावात त्यांच्या लहानपणी वेळ विचारली की उलट प्रश्न यायचा, ‘स्टँडर्ड की बॉम्बे?’ १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ झाली, पण मुंबईने आपली जुनी, ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ च्या आसपासपर्यंत सोडली नव्हती. आत्याचा स्वाभिमान त्या घराण्यातला. शेवटी मी ‘भारतीय प्रमाणवेळ’ असं वाचून दाखवलं तेव्हा गाडी पुढे गेली.

लघुरूपं मात्र मी कुठेही येऊ दिली नाहीत. आयएसटी म्हणजे भारताची वेळ, तशीच आयर्लंडची उन्हाळ्यातली वेळ आणि इस्रायलचीही. अमेरिकेतली माणसं बाराही महिने ईएसटी लिहितात, पण उन्हाळ्यात ती वेळ ईडीटी असते. माणूस समजून घेतो, यंत्र शब्दाला धरून बसतं आणि तासाने चुकवतं. गावाचं नाव, वार, तारीख, वेळ, एवढं पुरतं.

फ्रिजवर नवा कागद लागला. आईचं अक्षर, माझा हिशेब:

२ मार्चपर्यंत: एडिसन सकाळी ७, लंडन दुपारी १२, पार्ले सायं. ५.३०, मेलबर्न रात्री ११
९ ते २३ मार्च: एडिसन सकाळी ८, लंडन दुपारी १२, पार्ले सायं. ५.३०, मेलबर्न रात्री ११
३० मार्च: एडिसन सकाळी ८, लंडन दुपारी १, पार्ले सायं. ५.३०, मेलबर्न रात्री ११
६ एप्रिल: एडिसन सकाळी ८, लंडन दुपारी १, पार्ले सायं. ५.३०, मेलबर्न रात्री १०

सहा रविवारांत चार वेगवेगळ्या ओळी. पार्ल्याचा रकाना तेवढा सगळीकडे सारखा. मुद्दाम उलटून गेलेले आठवडेही लिहिले, कारण रुसलेल्या माणसाला आपली चूक कुठे नव्हती हे दाखवणं जास्त गरजेचं असतं.

तोंडी हिशेबासाठी आत्याला एक युक्ती दिली. एडिसनची वेळ काढायची तर आपल्या वेळेत थंडीत दीड आणि उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, आणि सकाळची संध्याकाळ करायची, संध्याकाळची सकाळ. साडेपाच अधिक अडीच, आठ. संध्याकाळ उलटली, सकाळचे आठ. साडेनऊ तास वजा करण्यापेक्षा हे सोपं, कारण दीड आणि अडीच आपल्या जिभेवर बसलेले असतात. आपल्याकडे सकाळ असेल तर तिकडे बहुतेक आदल्या दिवशीची रात्र, एवढं लक्षात ठेवायचं.

पाडवा

३० मार्चला पाडवा होता. त्याच पहाटे ब्रिटनची घड्याळं पुढे गेली.

आत्याकडे लंडनची वेळ काढायची स्वतःची पद्धत आहे, धाकटा काका शिकायला गेला तेव्हापासूनची. मनगटावरचं घड्याळ उलटं धरायचं. बाराच्या जागी सहा. आपल्याकडे दुपारचे तीन असले की उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात, आणि लंडनला खरोखर सकाळचे साडेनऊ असतात. काट्यांना अर्धं वर्तुळ फिरवलं की सहा तास आणि तीस मिनिटं सरकतात, तेच साडेपाच तासांचं अंतर भरून काढतं. तासकाटा अर्ध्या घराने हलतो खरा, पण डोळा सांभाळून घेतो. सभेच्या आधी तिने पदराने काच पुसली, मनगट वळवलं, निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘बारा वाजलेत. त्याला जेवू दे, मग बोलवू.’ काका स्क्रीनवर येऊन बसला होता. त्याच्या मागच्या भिंतीवर एक वाजला होता आणि त्याचं श्रीखंड खाऊन झालं होतं. उलटं घड्याळ आता ऑक्टोबरअखेरपर्यंत खोटं बोलणार, हे तिला सांगितलं. ती घड्याळाकडे थोडा वेळ तशीच बघत राहिली.

मग तिने रास्त प्रश्न विचारला, आपल्याकडे हा चाळा का नाही? लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठलाही कमी पडतो. मुंबईत तेच सव्वातेरा आणि अकरा. सरकवून मिळवायचं काय? युद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, भारताचं घड्याळही तासभर पुढे नेलं होतं. तेवढंच.

पाडव्याची सभा सगळी सुरळीत झाली असंही नाही. काकांनी जुनं निमंत्रण काढताना फक्त त्या दिवसाचं काढलं होतं, तेही चुकून २३ तारखेचं. पुढची मालिका तशीच जिवंत. त्यामुळे मेलबर्नच्या आत्याचा फोन तिच्या रात्री दहाला एकदा वाजला आणि अकराला पुन्हा. दहाला ती एकटीच येऊन बसली, इकडे साडेचारला आम्ही दुपारच्या जेवणानंतर आडवे झालेलो. पण या वेळी तिने ग्रुपवर विचारलं, ‘मी लवकर आले का?’ आणि आईने फ्रिजवरच्या कागदाचा फोटो पाठवला. तासाभराने सगळे होते. दोन निमंत्रणं एकाच वेळी जिवंत ठेवणं हे एकही नसण्याहून वाईट, हे मी ऑफिसात दोन बुकिंगांच्या बाबतीत दहादा भोगलं आहे, तरी काकांच्या फोनवर ‘संपूर्ण मालिका’ हा पर्याय दाबला गेला की नाही ते विचारायचं राहून गेलं. त्या सभेत भाडं आत्याच्या खात्यात जमा करायचं ठरलं, आणि सोसायटीकडून दहा दिवसांची मुदत मागून घेतली.

रामनवमी

६ एप्रिलला मेलबर्न मागे आलं आणि वर्तुळातलं मोठं अंतर फेब्रुवारीतल्या आठ तासांवरून दहा तासांचं झालं. आता आमच्याकडे दोन तासांची खिडकी होती, पार्ल्याच्या साडेचार ते साडेसहा. गंमत म्हणजे त्या दिवसापासून लंडन आपल्यामागे साडेचार तास आणि मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास; थंडीत हेच दोन्ही बाजूंना साडेपाच असतं. मुंबई ऐन मधोमध. पाडवा ते रामनवमी हा एकच आठवडा वाकडा गेला.

खिडकी उघडली की ती कोणासाठी वापरायची हा प्रश्न येतो. पाच रविवार मेलबर्नची आत्या रात्री अकराला बसली होती आणि सोमवारी पहाटे तिची ड्युटी असे. कोणी बोललं नव्हतं, तिनेही नाही. म्हणून सभा साडेचारवर आणली: तिला रात्री नऊ, लंडनला बारा, एडिसनला पुन्हा सकाळी सात. काकांनी कुरकुर केली नाही. उलट म्हणाले, ‘मला सातची सवय झाली आहे.’ आणि गंमत बघा, त्यांची जी जुनी मालिका कदाचित अजून जिवंत होती, तीही आता याच वेळेला येत होती.

त्या दिवशी सुंठवडा सगळ्यांनी आपापल्या घरी केला होता, एडिसनला खोबऱ्याचा कीस ओल्या नारळाचा निघाला म्हणून त्यांचा सुंठवडा कालवल्यासारखा झाला. वाढीव क्षेत्र घ्यायचं ठरलं, थोडं, परवडेल इतकं. वकिलांनी मुखत्यारपत्रांचं समजावून सांगितलं: परदेशात केलेलं पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा पाकीट ज्या दिवशी हातात पडेल ती तारीख लिहून ठेवा. तिन्ही पाकिटं आली, तारखा लिहिल्या. एकावर आईने सवयीने वारही लिहिला.

सभा संपल्यावर आत्याने विचारलं, ‘हा कागद पुन्हा कधी बदलायचा?’ म्हटलं, ५ ऑक्टोबरला मेलबर्न, २६ ऑक्टोबरला लंडन, २ नोव्हेंबरला एडिसन. तिने भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं, पानं उलटत ऑक्टोबरपर्यंत गेली. कोजागिरीच्या आदल्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने ‘छोटी’ असं लिहिलं. २६ तारखेला धाकट्याचं नाव. पुढच्या पानावर २ नोव्हेंबरला एडिसनच्या काकांचं, त्यांच्या लहानपणच्या हाकेने. मग कॅलेंडर परत खिळ्याला लावून दूधवाल्याचा हिशेब करायला बसली.